गुरुजींची अकरा घरांची अमेरिका

आमच्या शाळेत माणसांच्या दोनच जाती होत्या: जेमस्टाउनी आणि प्लिमथी. ही विभागणी इतिहासाच्या गुरुजींनी केली होती आणि तिच्यावर अपील नव्हतं. तीनशे वर्षांपूर्वी इंग्रजांची एक टोळी अमेरिकेत जेमस्टाउनला उतरली. तिच्यात साहेबलोक फार. फावडं धरायची लाज, म्हणून ते सोनं शोधत हिंडले आणि मग बहुतेक उपाशी मेले. तेरा वर्षांनी दुसरी टोळी प्लिमथला उतरली. तीही पहिल्या हिवाळ्यात निम्मी मेली, पण उरलेल्यांनी कुदळी उचलल्या, मका लावला आणि तग धरला. आमचे हेडमास्तर जेमस्टाउनी, कारण त्यांची छत्री शिपाई धरायचा. शिपाई अर्थातच प्लिमथी. मी गोंदियाच्या त्या शाळेत गणित शिकवायला नवीन लागलो तेव्हा माझा नंबर कशात, म्हणून भीतभीत विचारलं. गुरुजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"गणितवाले, तुमी अजून जहाजातच आहा," ते म्हणाले. "उतरल्यावर पाहू."

उंच, हाडकुळे, आणि मे महिन्यातही अंगात काळा कोट. त्या कोटाच्या खिशात खडू कमी आणि बिया जास्त. भोपळ्याच्या, दोडक्याच्या, पपईच्या, जी मिळेल ती बी. चालता चालता ओलसर कोपरा दिसला की अंगठ्याने माती उकरायची, बी टाकायची, वर जोड्याने दाबायचं. हेडमास्तरांच्या खिडकीवर दोडक्याचा वेल चढला होता आणि ऑफिसात दिवसाही कंदील लावायची पाळी आली होती. वेल काढायला सांगितला की गुरुजी म्हणायचे, "फळ येऊन राहिलं जी, आता काऊन काढता?" दोडके ते हेडमास्तरांच्याच घरी पाठवून द्यायचे, त्यामुळे पुढे बोलणं अवघड व्हायचं.

विडीचं त्यांचं गणित मात्र मला कधी सुटलं नाही. आमच्या गावात घरटी कोणीतरी विड्या वळायचं आणि हवेलाच तंबाखूचा वास होता. गुरुजी विडीला शिवत नसत. "या पानानं एक वसाहत वाचवली अना लाखो मानसं गुलाम केली," असं ते कोणालाही ऐकवायचे. तंबाखू पिकवून जेमस्टाउन तरलं आणि तंबाखूच्याच शेतांवर राबायला पुढे आफ्रिकेतून माणसं पकडून आणली, हे त्यांच्याइतकं तळमळून मी कोणाला सांगताना ऐकलं नाही. पण कोणी विडी पेटवली की हाच माणूस दोन पावलं जवळ सरकून, डोळे मिटून उभा राहायचा. मी एकदा हसलो. "वासाले दोष नाही," ते म्हणाले.

हा नाद लागला तो एका पुस्तकापायी. स्टेशनवरचा कोणी गोरा साहेब बदलून जाताना सामान विकून गेला, त्यात पुठ्ठा निघालेला अमेरिकेचा एक जाडजूड इतिहास होता. गुरुजी पोवार. त्यांचे पूर्वज माळव्यातून बैलगाड्या घेऊन इकडे आले, झाडी तोडली, तळी खोदली, धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, पाडल्या. "पण पहिल्या वर्षी कोन मेलं, कोनी जगवलं, हे आमच्यात कोनाले ठाऊक नाही," ते मला सांगायचे. "कोनी लिहूनच ठेवलं नाही. त्या लोकायनं लिहून ठेवलं. वाचलं अना मले वाटलं, हे तर माह्या पणज्याचंच आहे."

इंग्लंडच्या इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात अमेरिकेतल्या वसाहतींना एक पान होतं. गुरुजी ते पान दिवाळीला उघडायचे आणि शिमग्यापर्यंत पुरवायचे. एकदा तपासणीला डिप्टी साहेब आले आणि त्यांनी वर्गाला विचारलं की राज्य टिकवायला राजाने काय करावं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मका लावावा!" साहेबांनी वहीत काय लिहिलं ते कळलं नाही, पण गुरुजींची त्या वर्षीची बढती गेली. ते आठवडाभर खुशीत होते.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण पुस्तकातली वसाहत गुरुजींनी जमिनीवर मांडायची ठरवली आणि त्यात माझी बहीण सापडली.

सालेकशाच्या पुढे, रेल्वे सोडून तीन कोस आत, गुरुजींच्या चुलतभावाचं जंगल होतं. तो तिथला मालगुजार, म्हणजे गावं वसवायचा आणि जमिनी कसायला द्यायचा हक्क त्याच्याकडे. त्या जंगलात एक मोकळं पठार होतं. तिथे टोला, म्हणजे लहानशी वस्ती, वसव म्हणून गुरुजींनी भावाच्या मागे भुणभुण लावली आणि त्याने वैतागून "तूच वसव" म्हटलं. मग काय विचारता! सुट्टीच्या दिवशी गुरुजी गावोगाव हिंडून माणसं जमवू लागले. अट एकच, हात दाखवा. तळव्याला घट्टे नसतील तर परत पाठवायचे. अशी अकरा घरं जमली. सर्वांनी मिळून कसायचं आणि एका कोठारातून खायचं, हे प्लिमथला करून पाहिलं आणि फसलं, म्हणून इथे पहिल्या दिवसापासून प्रत्येक घराची बांधी वेगळी. सगळ्यांचे अंगठे उठवलेला एक कागद केला होता, कारण जहाजातून उतरण्याआधी त्या लोकांनीही असाच करार केला होता. आणि सर्वांत मोठा नियम असा, की जवळच्या गोंडांच्या गावाला विचारल्याशिवाय एक झाडही तोडायचं नाही. गुरुजी स्वतः तिथल्या पटेलाकडे, म्हणजे गावप्रमुखाकडे, गेले आणि कोणता धान लावू म्हणून विचारून आले. पटेल म्हणाला, पहिल्या वर्षी हलका धान लावा, लवकर हाती येईल.

अकरावं घर माझ्या मोठ्या बहिणीचं. आम्ही तिला बाई म्हणायचो. केशोरीला दिली होती. नवरा गेल्यावर दोन लेकरं घेऊन दिराच्या घरी राबत होती. गुरुजी एकदा माझ्याबरोबर तिथे आले, तिचे तळवे पाहिले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या नावची बांधी राहील." मी आडवा आलो. जंगल, जनावर, ताप, सगळं सांगितलं. बाईने माझं ऐकून घेतलं.

"इथं मी कोनाची रे?" तिने विचारलं. "जेवाले बसली का दिराच्या बायकोचे डोळे माह्या ताटात. तिथं मेली तरी माह्या बांधीत मरन."

वैशाखात मीच तिला पोचवून आलो. परत निघताना गुरुजींना सांगून ठेवलं, "माझ्या बहिणीला काही झालं तर मी तुम्हाला माफ करणार नाही." ते "बरोबर आहे" म्हणाले. माझा राग अजूनच वाढला.

शाळा सुरू झाली तशी गुरुजींची खरी ओढाताण सुरू झाली. दर शनिवारी दुपारच्या गाडीने सालेकसा, तिथून पायी टोल्यावर, सोमवारी शाळेत चिखलाच्या पोटऱ्यांनी हजर. मी टोमणा मारला, "वसाहत जंगलात आणि तुम्ही गोंदियात. म्हणजे तुम्ही लंडनची कंपनीच झालात की." माणसं पाठवून स्वतः ऊबेत बसणाऱ्या त्या कंपनीला गुरुजी वर्गात शिव्या घालायचे. त्यांचा चेहरा इतका पडला की मला बोलल्याचं वाईट वाटलं. पण मी ते शब्द मागे घेतले नाहीत, बाई माझी होती.

श्रावणात गुरुजींना हिवतापाने धरलं. दीड महिना अंथरुणात. नाले भरले होते, टोल्यावरून कोणी येईना. मी दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा पुराच्या पाण्यापासून परत फिरलो. श्रावण-भादवा म्हणजे आमच्याकडे कोठ्या रिकाम्या आणि धान हिरवा, जुन्या वसलेल्या गावांचीही ओढ असते. नव्या टोल्याचं काय होत असेल, या विचाराने मला घास गोड लागत नव्हता. गुरुजी तापात बरळायचे तेही अकरा घरांची नावं.

दसऱ्याची सुट्टी लागली त्या सकाळी आम्ही गाडीत बसलो. गुरुजींचा कोट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. आमगाव गेलं. मग एकदम म्हणाले, "गणितवाले, एक गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही. जेमस्टाउनच्या आधीची."

आणि त्यांनी रोआनोकची गोष्ट सांगितली. रोआनोक नावाच्या बेटावर शंभरावर बायामाणसं उतरवली. त्यांचा गव्हर्नर रसद आणायला इंग्लंडला परत गेला. त्याची स्वतःची लेक आणि नुकतीच जन्मलेली नात मागे राहिली होती. तिकडे लढाई पेटली, जहाज मिळेना, तीन वर्षं तो अडकून पडला. परत आला तर बेटावर माणूस नाही. जागा सोडली तर कुठे गेलो ते झाडावर कोरून ठेवू, असं ठरलं होतं. एका खांबावर एक शब्द तेवढा कोरलेला सापडला. माणसं कधीच सापडली नाहीत.

"हे तुम्हाला आज सुचलं सांगायला?" मी ओरडलो. शेजारची म्हातारी दचकून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

"मी बी टोलेवाल्यायले सांगून ठेवलं होतं," गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले. "गाव सोडाची पाळी आली, त झाडावर लिहून ठेवा."

"अकरा घरांत अक्षर कोणाला येतं?"

 हा विचार गुरुजींच्या मनात खरंच तोपर्यंत आला नव्हता. ज्यांचे अंगठे त्यांनी स्वतः कागदावर उठवले, त्यांना ते कोरून ठेवा म्हणून सांगून आले होते.

स्टेशनवरून आम्ही जवळजवळ धावतच निघालो. पाऊस थांबून चारच दिवस झाले होते आणि जंगलात चिलटांचे थवे उठले होते. टोल्याच्या अलीकडे वाट फुटते. तिथे टोल्याकडच्या पायवाटेवर पळसाची पानांसकट एक डहाळी आडवी पडली होती. गुरुजींनी ती उचलली आणि चिलटं हाकत पुढे झाले.

टोला रिकामा होता.

अकराच्या अकरा झोपड्या. दारांच्या ताट्या दोरीने बांधलेल्या. बैल नाहीत, शेळ्या नाहीत, कोंबडीसुद्धा नाही. मी बाईच्या झोपडीची दोरी तोडून आत गेलो. चूल सारवलेली आणि गार. हंडी पालथी. लेकरांचं एकही कापड नव्हतं.  बाहेर गुरुजी एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे पळत होते. सालीवरून हात फिरवत होते, चष्मा पुसून पुन्हा पाहत होते, खोडामागे जात होते. एका मोहाच्या झाडावर किड्याने पाडलेल्या रेषा होत्या, त्यांच्यापुढे ते गुडघे टेकून बसले आणि वाचायचा प्रयत्न करू लागले.

मी बाहेर येऊन त्यांच्या कोटाची कॉलर धरली. वीस वर्षांनी मोठा माणूस, नुकताच तापातून उठलेला. मला त्याचं काही वाटलं नाही. "माझी बाई द्या मला परत," मी म्हणालो. त्यांनी सोडवून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. 

तेवढ्यात ढोरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा आवाज आला. गोंडांच्या गावचा म्हातारा गुराखी ढोरं घेऊन जात होता. आमचा अवतार पाहून तो थबकला.

"का झालं जी? कायले भांडून राहिले?"

"माणसं कुठं गेली इथली?" मी विचारलं.

"आमच्या गावाले गेली. नवं धान खाले. आज आमची नवाखाई ना! पटेलानं कालपासून साऱ्यायले बोलावलं, बैल-बकऱ्या-कोंबड्यांसकट." मग त्याने आमच्याकडे निरखून पाहिलं. "फाट्यावर डहाळी आडवी टाकली होती ना? इकडं कोनी नाही, दुसऱ्या वाटेनं या, म्हणून? दिसली नाही का?"

डहाळी अजून गुरुजींच्या हातात होती.

जंगलातल्या माणसाला ही खूण लहानपणापासून ठाऊक असते. ज्या वाटेने जायचं नाही तिच्यावर डहाळी आडवी टाकायची, मागून येणारा समजून घेतो. टोलेवाल्यांनी आपल्या परीने निरोप लिहून ठेवला होता आणि दोन शिकलेल्या मास्तरांनी तो उचलून चिलटं हाकली होती. गुराखी हसत सुटला. त्याचं हसू पाहून मी गुरुजींची कॉलर सोडली. गुरुजी मोह्याला टेकून बसले आणि लहान मूल हुंदके देतं तसे हुंदके देऊ लागले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. 

अर्ध्या कोसावर ढोल ऐकू आले. पटेलाच्या आवारात पानं मांडली होती आणि नव्या तांदळाचा वास सुटला होता. बाई वाढत होती. काळी पडलेली, वाळलेली, पण जिवंत. लेकरं पटेलाच्या नातवंडांत बसून जेवत होती. मला रडूच आवरेना.

"कायले रडून राहिला रे? मी का मेली?" बाई म्हणाली. "हात धू. पान घे."

श्रावणात टोलेवाले कसे जगले ते तिने वाढता वाढताच सांगितलं. पटेलाच्या घरच्या बायकांनी जंगलातले कंद दाखवले, कोणते उकळून कडवटपणा काढायचा ते शिकवलं, नाल्यात मासे धरायला शिकवलं. एकाही घरात माणूस गेलं नव्हतं. गुरुजी पान पुढ्यात घेऊन नुसते बसले होते. ते डोकी मोजत होते. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून.

जेवणं आटोपल्यावर त्यांना चेव आला. त्यांनी साऱ्यांना प्लिमथची गोष्ट सांगितली. परक्या मुलखात उतरलेले, अर्धे मेलेले लोक, त्यांना मका लावायला शिकवणारा तिथला रहिवासी, आणि पहिलं पीक आल्यावर तिथल्या राजाने व त्याच्या माणसांनी त्यांच्याबरोबर बसून तीन दिवस केलेलं जेवण. "आज आपलं झालं, तसंच!" गुरुजी म्हणाले. बाया खूश झाल्या. पटेलाने मात्र मान हलवली नाही.

"मंग?" त्याने विचारलं. "पुढं का झालं?"

 खोटं बोलायचं असतं तर तीच वेळ होती. टोलेवाले पाहत होते, मी पाहत होतो.

"पुढं चांगलं नाही झालं," गुरुजी म्हणाले. "येनारे वाढत गेले. जमिनी घेत गेले. पन्नास-पंचावन्न वर्षांनं लढाई झाली. जो राजा जेवाले बसला होता, त्याच्याच पोराले मारलं. जंगलवाल्यायचं सारं गेलं."

 पटेलाने समोरचं पान दुमडून बाजूला सारलं. तो उठून आम्हाला घालवून देईल असं मला वाटलं आणि बाईकडे बघवेना.

"खरं सांगितलं, बरं केलं," तो म्हणाला. "चला तर मंग. शीव आजच पाडू."

गुरुजींनी घाईने खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. पटेलाने हात आडवा केला. "लिहू नका जी. लिहिलं तर तुमालेच वाचता येते. चालून पाडू. दोनी गावच्या लेकरायले संगं घ्या, त्यायच्या ध्यानात राहील."

दुपार कलताना सगळी माणसं निघाली. ढोल पुढे, लेकरं मध्ये, हातांत दगड. नाल्यापासून सुरुवात केली आणि पटेल दाखवील तिथे दगड रोवत गेलो. बाईच्या बांधीपाशी तो थांबला. तिच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोन मोठे मोहे होते. चैत्रात त्यांची फुलं आजवर त्याच्या गावच्या बाया वेचत आल्या होत्या. "हे मोहे आमचे," तो म्हणाला. टोल्यातले दोन पुरुष कुरकुरले. बांधी एकाची आणि झाड दुसऱ्याचं कसं, म्हणून त्यांनी कागदाची आठवण काढली. गुरुजी त्यांना काही सांगायला पुढे सरसावले, पण त्यांच्या आधी बाई बोलली. पुरुषांच्या घोळक्यात तिला बोलताना मी प्रथमच पाहत होतो.

"बांधी माही आहे, मी सांगते," ती म्हणाली. "दोनी मोहे तुमचे. फुलं वेचाले येतीन त्या बायायनं पानी प्याले माह्याच घरी यावं. दुसऱ्याकडं गेल्या तर मी भांडन."

पटेल हसला आणि त्याने हातातला दगड तिच्या हातात दिला. तिने तो रोवला, पायाने दाबून पक्का केला, आणि हात झटकून पुढे चालू लागली. तिला परत न्यायला म्हणून मी आलो होतो. ते बोलायचंच नाही, असं मी तिथेच ठरवलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता आणि वैशाखापासून पहिल्यांदा मी पोटभर श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने आम्ही परतलो. गुरुजी बसल्याबसल्या पेंगले आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तोंड उघडं, घोरणं असं की डब्यातली माणसं वळून पाहत होती. गोंदिया आलं. हमाल ओरडले, माणसं चढली-उतरली. गाडी सुटली तरी मी त्यांना उठवलं नाही. पुढच्या गंगाझरी स्टेशनाला मात्र उठवावं लागलं. फलाटावर उभे राहून ते डोळे चोळत पाटी वाचू लागले.

"गोंदिया गेलं?"

"गेलं."

"मंग उठवलं काऊन नाही?"

"तुम्ही श्रावणापासून नीट झोपला नाहीत," मी म्हणालो. "आणि आता घाई कसली आहे गुरुजी? सगळी जिवंत आहेत."

"सगळी," ते म्हणाले. मग बाकावर आडवे झाले, जोडे काढून उशाशी घेतले, आणि परतीची गाडी येईपर्यंत पुन्हा गाढ झोपले.